जुन्या घरांतील वाघळे : न मारता बाहेर काढण्याची रीत

अमरावती व अकोला जिल्ह्यांतील जुन्या गावांची घरे ज्या साहित्याने उभी राहिली, ते साहित्य वाघळांनाही मानवते. अचलपूर, अंजनगाव सुर्जी, अकोट, बाळापूर, पातूर या गावांतील जुने वाडे मेळघाटातील सागवानाच्या खांबांवर व तुळयांवर उभे आहेत. तुळईवर कड्या, कड्यांवर फळ्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर अशी धाब्याची रचना. भिंती दोन-दोन हात रुंदीच्या. काळ लोटतो तसे लाकूड आकसते, माती निसटते, तुळईचे टोक आणि भिंत यांच्यामध्ये बोटभर फट पडते. ही फट उन्हाळ्यात थंड व थंडीत उबदार राहते, दिवसा अंधारी असते आणि मांजराचा पंजा तेथे पोहोचत नाही. वाघळाला याहून अधिक काही लागत नाही.

वाडा भरलेला असेपर्यंत दिव्याचा धूर, माणसांचा वावर आणि वर्षातून दोनदा होणारी झाडलोट यांमुळे वाघळांची संख्या बेताची राहते. कुटुंबे पांगली, माडी बंद राहू लागली की ती वाढते. मग एखाद्या दिवाळीत माडी उघडली जाते, तेव्हा फरशीवर लेंड्यांचा थर आणि भिंतीवर मुताचे पिवळे ओघळ दिसतात, नाकाला झोंबणारा दर्प येतो. जिल्हा परिषदेच्या जुन्या कौलारू शाळा, ग्रामपंचायतीची जुनी कचेरी, देवळाचा सभामंडप, बंद पडलेल्या जिनिंगच्या इमारती यांचीही हीच कथा. तक्रार ग्रामपंचायतीकडे येते आणि बहुधा धूर करा, गंधक जाळा, भोके लिंपून टाका अशा उपायांवर संपते. हे तिन्ही उपाय वाईट आहेत. धुराने पिल्ले व अशक्त वाघळे फटीतच मरतात, आणि सुक्या सागवानाच्या माडीत पलिता नेणे म्हणजे वाडाच पणाला लावणे होय. वाघळे आत असताना भोक लिंपले, तर मेलेल्या जिवांची दुर्गंधी महिनाभर जात नाही. जी वाचतात ती वाट शोधत खोल्यांत उतरतात, आणि जे छपरात होते ते पाळण्यापर्यंत येते.

घरात राहणारी वाघळे कोणती

मराठीत मोठे ते वटवाघूळ आणि लहान ती पाकोळी, असा ढोबळ भेद बोलण्यात केला जातो. एका जातीच्या पक्ष्यालाही पाकोळीच म्हणतात, त्यामुळे घोटाळा होतो. ‘वाघूळ’ हा शब्द संस्कृत ‘वल्गुली’वरून आला. अमरकोशात या प्राण्याला ‘अजिनपत्रा’, म्हणजे कातड्याच्या पंखांची, असे नाव असून त्याची गणना पक्ष्यांत केली आहे. प्रत्यक्षात तो सस्तन प्राणी आहे. त्याला पिल्ले होतात आणि मादी त्यांना दूध पाजते.

गावाबाहेरच्या वडा-चिंचेवर शेकड्यांनी लटकणारी मोठी फलाहारी वटवाघळे घरात येत नाहीत. घरात वस्ती करतात ती कीटकभक्षी. त्यांतील सर्वांत लहान पाकोळी तीन-चार ग्रॅम वजनाची असते. दुकानाच्या पाटीमागे, दाराच्या चौकटीत, भिंतीवरच्या तसबिरीमागेही ती मावते. पोटाकडे पिवळसर रंगाचे घरवाघूळ तिच्याहून मोठे असते आणि तुळयांच्या टोकांशी, कौलांखाली राहते. जुन्या वास्तूंच्या दगडी सांध्यांत भिंतीला चिकटून बसणारी लांब पंखांची वाघळेही आढळतात. अंधाऱ्या खोलीत आढ्याला उघड्यावर लटकणारे, मोठ्या जुळलेल्या कानांचे वाघूळ मात्र वेगळे ओळखू येते. ते किड्यांबरोबर उंदीर, पाली, बेडूकही पकडते आणि त्यांचे अवशेष खाली टाकते. या अवशेषांवरूनच ते रक्त पिते असा समज पसरला असावा. रक्तावर जगणारी वाघळे फक्त अमेरिका खंडात, मेक्सिकोपासून दक्षिणेकडे, सापडतात. भारतात एकही नाही.

वऱ्हाडातील प्राणिजीवनाची शास्त्रीय नोंद जुनी आहे. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ मध्ये देशातील सस्तन प्राण्यांची पाहणी हाती घेतली, तेव्हा खानदेशानंतर दुसरा क्रम वऱ्हाडाचा लागला. सी. ए. क्रम्प यांनी नमुने गोळा केले आणि आर. सी. रौटन यांनी अहवाल लिहिला. परंतु आपल्या प्रश्नाला अधिक उपयोगी असे काम पुढे नागपुरात झाले.

नागपूरच्या संशोधनाने दिलेला इशारा

नागपूरच्या विज्ञान महाविद्यालयात, म्हणजे आजच्या विज्ञान संस्थेत, प्रा. ए. गोपालकृष्ण यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून वाघळांच्या प्रजननाचा अभ्यास चालविला आणि त्यांच्या शिष्यांनी तो कित्येक दशके पुढे नेला. वाघळांची एवढी दीर्घ व सूक्ष्म पाहणी देशात फार थोड्या ठिकाणी झाली आहे, आणि ती विदर्भाच्याच हवापाण्यात झाली असल्यामुळे वऱ्हाडाला जवळची आहे. तिच्यातून दिसते ते असे. मोठ्या कानांच्या वाघळाची मादी एप्रिल-मेच्या सुमारास एका पिल्लाला जन्म देते. पिवळ्या घरवाघळाची पिल्ले पावसाळ्याच्या तोंडी, जून-जुलैच्या सुमारास येतात, पुष्कळदा जुळी. सर्वांत लहान पाकोळीची वीण वर्षातून एकाहून अधिक वेळा होते. आणि लांब पंखांच्या वाघळाविषयी गोपालकृष्ण यांनी १९५५ मध्ये जो निष्कर्ष प्रसिद्ध केला, त्यानुसार त्याची वीण वर्षभर चालू असते.

याचा व्यवहारातील अर्थ महत्त्वाचा आहे. युरोप-अमेरिकेतील माहितीपत्रकांत वाघळे काढण्याचे महिने ठरवून दिलेले असतात. तेथील बहुतेक वाघळे उन्हाळ्यात एकदाच वितात आणि हिवाळाभर झोपी जातात, म्हणून तेथे तारखांचा नियम चालतो. तोच नियम उचलून अकोल्याच्या वाड्याला लावला तर पिल्ले आत असतानाच भोक बंद होण्याचा संभव राहतो. येथे तारखेवर भिस्त ठेवता येत नाही. प्रत्येक वास्तूत पाहूनच ठरवावे लागते.

पाहणी कठीण नाही. वाघळाचे पिल्लू जन्मतः जवळजवळ केसरहित असते. पहिले काही दिवस ते आईला बिलगून राहते. पुढे आई चरायला जाताना त्याला वस्तीतच लटकते ठेवून जाते. उडता येण्यास त्याला साधारण महिना-दीड महिना लागतो. तेव्हा अंधार पडून मोठी वाघळे बाहेर गेल्यानंतर अर्ध्या तासाने, विजेरीला लाल कापड बांधून, फटीत व आढ्याला पाहावे आणि काही वेळ स्तब्ध राहून कान द्यावा. आत बारीक चिकचिक ऐकू आली किंवा लटकलेली पिल्ले दिसली, तर काम दीड महिना पुढे ढकलावे आणि पुन्हा पाहावे. ही एक रात्र वाचविण्याच्या नादात पुढचे सर्व काम बिघडते.

साधारणपणे दसऱ्यापासून दिवाळीपर्यंतचा काळ वऱ्हाडात सोयीचा ठरतो. पाऊस ओसरलेला असतो, पिवळ्या घरवाघळाची त्या वर्षाची पिल्ले उडू लागलेली असतात, आणि घराची साफसफाई त्याच दिवसांत निघते. तरीही लाल विजेरीची पाहणी चुकवू नये, कारण पाकोळीला व लांब पंखांच्या वाघळाला दसरा-दिवाळी ठाऊक नाही. मुसळधार पावसाच्या रात्री वाघळे बाहेर पडत नाहीत, कडाक्याच्या थंडीत ती मंदावतात; असे दिवस टाळावेत.

एकमार्गी जाळीची पद्धत

वाघळांना घालवायचे म्हणजे पकडायचे नाही. ती रोज संध्याकाळी आपण होऊन बाहेर जातात. परत येण्याची वाट तेवढी बंद करायची.

प्रथम दोन-तीन संध्याकाळी घराच्या चारही बाजूंना माणसे बसवून ती कोठून निघतात हे नोंदवावे. शाळेच्या मुलांना हे काम आवडते आणि त्यांची नजरही तीक्ष्ण असते. मुख्य वाट बहुधा एक किंवा दोन ठिकाणी असते, आणि तिच्या खालची भिंत तेलकट, काळपट झालेली दिसते. या वाटा सोडून बाकीच्या, वापरात नसलेल्या फटी चुन्याच्या गिलाव्याने किंवा लाकडी पट्टीने बुजवाव्यात. बोटाचे पेर शिरेल एवढी फटही लहान पाकोळीला पुरते. जुन्या मातीच्या व चुन्याच्या भिंतीला सिमेंट लावू नये. ते ओल कोंडून ठेवते आणि काही वर्षांत भिंतीचा पापुद्रा घेऊन सुटते. वाघळे गेली आणि भिंतही गेली, असे व्हायला नको.

मग मुख्य वाटेवर बारीक छिद्रांची, गुळगुळीत प्लास्टिकची जाळी पडद्यासारखी लावावी. वरची कड व दोन्ही बाजू पट्टीने पक्क्या कराव्यात, खालची बाजू मोकळी ठेवावी. जाळी भोकाच्या खाली दीड-दोन फूट लोंबली पाहिजे आणि भिंतीपासून चार बोटे सुटी राहिली पाहिजे. वाघूळ भोकातून निघते, भिंत व जाळी यांमधून खाली सरकते आणि उडून जाते. परतताना ते नेहमीच्या भोकाकडेच झेपावते. जाळीखालून वर चढण्याची वाट त्याला उमगत नाही. मासे धरण्याच्या जाळ्यासारखी मोठ्या छिद्रांची जाळी वापरू नये, तिच्यात पंख अडकतात. कोपऱ्यातील भोकास जाळी बसत नसेल तर दोन इंची गुळगुळीत प्लास्टिकची नळी, वीतभर लांबीची, तोंड खाली झुकवून बसवावी.

जाळी पाच ते सात कोरड्या रात्री ठेवावी. शेवटच्या दोन संध्याकाळी एकही वाघूळ निघाले नाही आणि आत पाहिल्यावर वस्ती रिकामी दिसली, म्हणजे जाळी काढून त्याच दिवशी भोक बुजवावे. येथे आळस केला तर आठवड्याभरात वस्ती पुन्हा भरते, कारण वाघळाला जुनी जागा चांगली आठवते.

उघड्या अंधाऱ्या खोलीत आढ्याला लटकणाऱ्या मोठ्या कानांच्या वाघळांना ही जाळी लागू पडत नाही, आणि लागतही नाही. त्यांना प्रकाश व वारा नकोसा असतो. पिल्ले नाहीत याची खात्री करून खोलीची दारे-खिडक्या दिवसभर उघडी ठेवावीत, वापर नसलेल्या माडीला एखादा झरोका पाडावा, रात्री दिवा लावून ठेवावा. काही दिवसांत ती जागा सोडतात. मग खिडक्यांना जाळी बसवावी.

कौलारू छपराचे गणित निराळे आहे. तेथे प्रत्येक कौलाखाली वाट असल्याने एकमार्गी जाळी लावणे निष्फळ. शाकारणीच्या वेळी सगळे छप्पर एकदम न उघडता, संध्याकाळी वाघळे गेल्यावर एका बाजूची कौले उतरवावीत आणि तो भाग काही रात्री उघडा ठेवावा, नंतर दुसरी बाजू घ्यावी. शाकारणी बहुधा पावसाळ्यापूर्वी निघते आणि तोच पुष्कळ वाघळांच्या विणीचा काळ आहे, हे येथे आडवे येते. ज्या शाळेत वाघळे आहेत तेथे ती दिवाळीच्या सुटीत काढणे बरे. छप्पर बदलणे परवडत नसेल, तर छपराखालच्या तक्तपोशीच्या फळ्यांमधील सांधे बुजवून वर्गात वाघळे येणार नाहीत एवढे करणेही पुष्कळ वेळा पुरेसे होते. वर वाघळे आणि खाली माणसे असे कित्येक वाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे.

आजाराची भीती

२०२० मध्ये कोविडच्या साथीत वाघळांविषयी घबराट पसरली. देशात ठिकठिकाणी ती मारण्याचे व त्यांची झाडे तोडण्याची मागणी होण्याचे प्रकार घडले. ही भीती अगदीच निराधार नाही. केरळात २०१८ मध्ये निपाहची साथ आली, तिचा संबंध फलाहारी वटवाघळांशी जुळला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतून घेतलेल्या वाघळांच्या नमुन्यांतही निपाहच्या संसर्गाच्या खुणा आढळल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामुळे वाघूळ हातात धरू नये, जमिनीवर पडलेले असले तरी कापडाच्या किंवा खोक्याच्या साह्यानेच उचलावे, त्याने उष्टे केलेले फळ खाऊ नये, हे नियम पाळलेच पाहिजेत. चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. रेबीजच्या लसीविषयी तेथील वैद्यकीय अधिकारी ठरवितील.

पण भीतीपोटी मारण्याचा परिणाम काय होतो, याचे युगांडातील उदाहरण पंचायत सदस्यांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. किटाका येथील खाणीत २००७ मध्ये कामगारांना मारबर्ग रोग झाला. खाणीतील फलाहारी वटवाघळांत तो विषाणू असल्याचे दिसले, म्हणून २००८ मध्ये तेथील वटवाघळे मारून खाण बंद करण्यात आली. पुढे खाण पुन्हा उघडली गेली, नवी वटवाघळे आली, आणि २०१२ मध्ये जवळच्याच इबांडा भागात रोग पुन्हा उद्भवला. तपासणीत या नव्या वटवाघळांतील संसर्गाचे प्रमाण पूर्वीच्या दुपटीहून अधिक निघाले. जुनी, संसर्ग पचविलेली वस्ती नाहीशी झाली की तिची जागा रोगाला नवख्या वटवाघळांनी भरते.

घरमालकाला रोजचा धोका असतो तो वाळलेल्या लेंड्यांच्या धुळीचा. तिच्यात वाढणारी बुरशी श्वासावाटे फुप्फुसात जाऊन आजार होऊ शकतो. म्हणून बंद माडी एकदम झाडू नये. आधी दारे-खिडक्या उघडून हवा खेळू द्यावी, नाकातोंडावर चांगला मास्क आणि हातमोजे असावेत, लेंड्यांवर पाणी शिंपडून त्या भिजल्यावरच फावड्याने भराव्यात. लहान मुले, दम्याचे रोगी व गरोदर स्त्रिया यांना दूर ठेवावे. या लेंड्या उंदराच्या की वाघळाच्या, असा संशय असेल तर काडीने दाबून पाहावे. वाघळाची लेंडी चुरा होते आणि त्या चुऱ्यात किड्यांच्या पंखांचे चकचकीत तुकडे दिसतात.

कायदा आणि कापूस

१९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पाचव्या अनुसूचीत फलाहारी वटवाघळांची गणना कावळे व उंदरांबरोबर उपद्रवी प्राण्यांत केलेली होती. २०२२च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच काढून टाकली. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, आणि एखाद्या प्राण्याला उपद्रवी ठरविण्यास आता केंद्र शासनाची वेगळी अधिसूचना लागते. वटवाघूळ दिसले की मारण्याची जुनी मुभा राहिलेली नाही. मोठी वस्ती हलवायची असल्यास वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला आधी लेखी कळवावे. गाविलगड, नरनाळा यांसारख्या केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातील वास्तूंत तर भोक बुजविण्याचा अधिकारही इतर कोणाला नाही.

वऱ्हाडच्या शेतकऱ्याने एक हिशेब मनात ठेवावा. एक कीटकभक्षी वाघूळ एका रात्रीत आपल्या वजनाच्या निम्म्यापर्यंत किडे खाऊ शकते, आणि त्यांत रात्री उडणारे पतंग मोठ्या संख्येने असतात. तुरीवर व हरभऱ्यावर घाटेअळी आणि कपाशीवर बोंडअळी म्हणून जी ओळखली जाते, तिचा पतंगही रात्रीच उडतो. अमेरिकेत टेक्सासच्या आठ परगण्यांतील कापसाला तेथील वाघळांपासून होणाऱ्या कीडनियंत्रणाची किंमत २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी वर्षाला सुमारे ७ लाख ४१ हजार डॉलर आकारली. तेथील वाघळे निराळी व वस्त्या लाखोंच्या, त्यामुळे तो आकडा येथे जसाच्या तसा लावणे चूक ठरेल. मात्र कपाशीच्या मुलखात वाघळे मारणे हे फुकटचा राखणदार हाकलण्यासारखे आहे.

म्हणूनच त्यांना बाहेर काढताना गावात दुसरी जागा ठेवणे इष्ट. पडकी गढी, वापरात नसलेली विहिरीची कमान किंवा जिनची बंद शेड सुरक्षित असेल तर ती तशीच राहू द्यावी. लाकडी पेट्याही बसविता येतात. पण त्यांच्याकडून लगेच फळ मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. फ्लोरिडा विद्यापीठात १९८७ मध्ये एका इमारतीला आग लागल्यावर तेथील वाघळे क्रीडांगणाच्या प्रेक्षागारात घुसली. विद्यापीठाने १९९१ मध्ये खांबांवर त्यांच्यासाठी खास घर बांधले, वाघळे आणून सोडली, ती निघून गेली, आणि ते घर काही वर्षे रिकामे राहिले. मग ती आपण होऊन आली आणि आज तेथे लाखोंची वस्ती आहे. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा पश्चिमेच्या भिंतीवरील पेटी म्हणजे भट्टीच. पेटी उत्तर किंवा पूर्व भिंतीवर, छपराच्या सावलीत, बारा-पंधरा फूट उंचीवर बसवावी. खालचे तोंड उघडे, आतील फळी खडबडीत आणि दोन फळ्यांमधील अंतर बोटभर ठेवावे. ती जाळी लावण्यापूर्वी निदान एक पावसाळा आधी टांगलेली असली, म्हणजे वाघळांना तिची ओळख होण्यास अवधी मिळतो.